आप्पांचं गेज

मी नकला करायची. चांगल्या करायची, हे मीच सांगते, कारण ज्यांच्या केल्या ते काही सांगणार नाहीत. शाळेतल्या मोठ्या बाई आणि त्यांच्या आधी वर्गात शिरणारा त्यांचा खोकला. पुणतांबा स्टेशनवरचा चहावाला, जो 'च्याऽऽ' म्हणताना गाडी हलेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. राहात्याचे डॉक्टर, 'जीभ काढा, अजून काढा, हां, आता घरी न्या.' मॅट्रिकला पहिल्यांदा नापास झाले तेव्हा तो निकाल मी हेडमास्तरांच्या आवाजात घरी वाचून दाखवला. आप्पा हसले, म्हणून मार चुकला. दुसऱ्यांदा पास झाले तर कुणी एवढं हसलं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते पाटकरी होते. गोदावरीचा कालवा आमच्या शिवारातून जातो, त्याला आम्ही पाट म्हणतो. त्याला फुटलेल्या चाऱ्यांचे, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या लहान पाटांचे, दरवाजे कुठल्या दिवशी, किती वाजता उघडायचे आणि समोरच्यानं आईबापावरून शिव्या दिल्या तरी किती वाजता बंद करायचे, हे आप्पांचं काम. ज्याची त्याची पाळी ठरलेली. पाटात एका ठिकाणी पाण्यात उभी लोखंडी पट्टी होती, तिच्यावर फूट आणि इंच रंगवलेले. तिला गेज म्हणायचे. रोज सकाळी गेज वाचायचं आणि पाण्याची उंची वरच्या साहेबाला कळवायची. आप्पा म्हणायचे, "पाटकऱ्यानं बायकूशी खोटं बोलावं, गेज खोटं सांगू नये. हितं एक इंच वाढवून सांगितला की तिकडं शेवटच्या गावाचा ऊस जळतोय."

आई चुलीपुढून म्हणायची, "बायकूशी काय काय खोटं बोलला, ते बी सांगा की पोरीला."

त्या साली पाऊस रुसला होता. पाटाला पाणी महिन्यातून एकदा यायचं आणि पाळीवरून भांडणं रोज व्हायची. आप्पांची पाठ धरली तेव्हा सगळ्यांना वाटलं, उन्हातान्हात मैल मैल चालून धरली. शेक झाला, रुईची पानं झाली, बिब्बा झाला. मग माझी आत्या वरच्या आळीतली पायाळू म्हातारी घेऊन आली. पायाळू म्हणजे जन्मताना जी पायांकडून बाहेर येते ती. तिनं लाथ मारली की पाठदुखी पळते म्हणतात. म्हातारीनं तीन लाथा मारल्या. तिसऱ्या लाथेला आप्पा पालथे पडले ते दोन माणसांनी उचलले. म्हातारी म्हणाली, "बघा, निघालं." निघालं काहीच नव्हतं.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले. तिथून पुण्याला पाठवलं. पुण्याहून महिन्याभरानं परत पाठवलं, एक जाड पाकीट आणि एक वाक्य घेऊन, की हाडांत पसरलाय. काय पसरलाय ते आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आई 'त्यो रोग' म्हणायची. आप्पांनी मात्र पहिल्याच दिवशी खाटेवर पडल्या पडल्या मला विचारलं, "कॅन्सरला मराठीत काय म्हनत्यात गं?" मी म्हटलं, "कॅन्सरच." तर म्हणाले, "मंग बरं. नवीन काय शिकाया नको."

तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. माझ्या दोघी बहिणी सासरी. घरात आई, मी आणि खाट.

रोग काही जाणार नव्हता. उरलं होतं ते दुखणं. त्याच्यासाठी राहात्याच्या डॉक्टरांकडे मॉर्फिनची इंजेक्शनं होती. ती ते कुलपात ठेवायचे, वहीत लिहून द्यायचे, आणि रिकामी काचेची कुपीसुद्धा परत मागायचे. आमचं गाव तिथून तीन मैल. निरोप गेला की त्यांचे कंपाउंडर सायकलवर यायचे. ते मुसलमान होते, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. निरोप पोचायचा, चाचांच्या हातातलं काम संपायचं, सायकलमध्ये हवा भरायची, वाटेत चार लोक हटकायचे. चाचा दारात येईपर्यंत आप्पांनी टॉवेलचं टोक चावून चावून चिंधी केलेली असायची.

शेवटी चाचाच डॉक्टरांना म्हणाले, ही पोरगी हुशार आहे, हिला शिकवू या. डॉक्टर नाही म्हणाले. मग पुढच्याच आठवड्यात चाचांची सायकल दोनदा पंक्चर झाली, तेव्हा हो म्हणाले.

मी पेरूवर शिकले. राहात्याचे पेरू, त्यांना काय तोटा. सिरिंज काचेची. ती आणि सुई पातेल्यात उकळायची, चिमट्यानं उचलायची, कुपीची मान कापायची, औषध ओढायचं, हवा काढायची, आणि मग पेरूच्या सालीखाली तिरकी सुई. दोन दिवसांत मी आठ पेरू बरे केले. मी चाचांना म्हटलं, "जमलं की मला."

चाचा म्हणाले, "बेटी, पेरू वरडत न्हाई, म्हनून हुशारी नको करू."

आप्पांच्या दंडात पहिलं इंजेक्शन देताना मी सुई दोनदा टेकवून परत उचलली. आप्पा म्हणाले, "घाबरू नगं. मी बी पेरूच हाय."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा पुढंच होता, आणि तो आप्पांनीच केला होता.

डॉक्टर दर आठवड्याला फटफटीवरून यायचे, आप्पांना बघायचे आणि पुढच्या आठवड्याची इंजेक्शनं मोजून द्यायचे. किती द्यायची, ते आप्पा काय सांगतात त्याच्यावर. आणि आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग चहा, आणि कसं काय विचारलं तर बरं हाय म्हणायचं. घरात मयत झालेली असली तरी एकदम सांगत नाहीत. मी आता ती भेट तुम्हाला आवाजात करून दाखवली असती, पण कागदावर आहे तेवढंच.

"काय पाटकरी, कसं काय?"

"बरं हाय, डाक्टर. बसा. अगं, च्या टाक."

"दुखतंय किती?"

"आता थोडंफार असायचंच. तुमी सांगा, फटफटीचा आवाज बदाललाय. दुरुस्त केली जनू?"

"झोप लागते?"

"लागती की. धाकल्याचा ताप उतरला का तुमच्या?"

डॉक्टर खूश. चहा प्यायचे, आप्पांच्या खांद्यावर थोपटायचे आणि मला बाहेर येऊन सांगायचे, "सोसतायत चांगले. चार ठेवतो आठवड्याला. अगदीच असह्य झालं तरच दे. ह्याची सवय लागते, पोरी. सवय वाईट."

फटफटी कोपऱ्यावर वळली की इकडं आप्पांचा चेहरा उतरायचा. तासभर धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटायचं. आई तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधायची आणि पाठीला धरायची. मी त्या चारातलं एक काढू का विचारायची, तर आप्पा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. पुढं लागंल." सात दिवसांना चार, म्हणजे प्रत्येक वेळी पुढं लागेल म्हणूनच ठेवायचं. असं करत आठवडा संपताना एखादं उरायचंसुद्धा, आणि ते उरलेलं बघून डॉक्टर म्हणायचे, "बघ, चारसुद्धा लागली नाहीत."

मी आईला म्हटलं, "तू सांग ना डॉक्टरांना."

"आन काय सांगू? मानूस सोता बरं हाय म्हनतोय, आन मी त्याला पाव्हन्यापुढं खोटं पाडू?"

"डॉक्टर पाहुणा आहे का?"

"च्या पितोय न्हवं?"

मी स्वतः सांगून बघितलं. डॉक्टर म्हणाले, "तू लहान आहेस. घरच्यांना नेहमी जास्तच वाटतं. रोग्यानं सांगितलं पाहिजे." आणि रोगी तर फटफटीची चौकशी करत होता.

तिसऱ्या की चौथ्या भेटीला त्यांनी चाराची तीन केली. मी दारात उभी होते. त्यांनी तीन कुप्या कागदात गुंडाळून फळीवर ठेवल्या, बॅग उचलली. त्या दिवशी सकाळपासून आप्पांनी तीन वेळा कूस बदलायचा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा अर्ध्यात सोडला होता. मी म्हटलं, "डॉक्टर, थांबा. एक नक्कल दाखवते."

माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांचीच नक्कल करते हेही कळलं असणार. ते हसले. "कोणाची? माझी?"

"नाही. तुम्ही नसताना आमच्या घरात एक माणूस असतो, त्याची."

आणि मी तिथंच, मधल्या खोलीच्या जमिनीवर आडवी झाले. डावा हात खाटेची कड धरल्यासारखा वर धरला. आधी श्वास घेतला आणि तो धरला. आप्पा तो किती वेळ धरतात ते मला पाठ होतं. मग कूस वळवायला सुरुवात. पहिल्यांदा आवाज येत नाही, फक्त दात. मग घशाच्या अगदी तळातून एक बारीक लांब सूर. ओझ्याखाली दबलेली बैलगाडी चढाला लागली की चाकांच्या आसातून येतो तसा. तो मध्येच तुटतो. मग भराभरा तीन श्वास. मग 'कायनाय, कायनाय, कायनाय.' ते आईला उद्देशून असतं, पण आई तिथं नसली तरी म्हणतात. आणि मग पुन्हा तोच सूर, ह्या वेळी जरा मोठा, आणि त्याच्या शेवटाला एक शब्द. तो शब्द म्हणजे आप्पांच्या मेलेल्या आईला मारलेली हाक.

माझे डोळे मिटलेले होते. तेवढ्यात चुलीकडून पावलं वाजली, म्हणून उघडले. आई तापलेल्या वाळूचं गाठोडं दोन्ही हातात धरून पळत आली. माझ्या अंगावरून ओलांडून गेली, मला न बघता, आणि खाटेजवळ वाकून म्हणाली, "आले, आले. कुठं धरू?"

आप्पा उताणे पडले होते. तोंड गच्च मिटलेलं. आईला काही कळेना. ती आप्पांकडं बघते, माझ्याकडं बघते. हातातलं गाठोडं तिला भाजत होतं, तरी ती सोडत नव्हती.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नकलेला कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आईला विचारलं, "रोज असं?"

आई म्हणाली, "च्या टाकू का?" आणि मग गाठोडं खाटेवर ठेवून, तोंडाला पदर लावून आत गेली.

डॉक्टर मला बाहेर ओट्यावर घेऊन गेले. "सवय लागेल हे मी उगीच म्हणत नाही. मी बघितलीत माणसं."

"डॉक्टर, सवय लागायला माणसाला किती वर्षं जगावं लागतं?"

असं मी बोलायला नको होतं. त्यांचा कान लाल झाला. पण त्यांनी बॅगेतून कुप्या काढल्या. दिवसाला तीनप्रमाणं आठवड्याच्या एकवीस मोजल्या. "आठवडाभर देतो. पुढच्या वेळी मला त्यांच्याकडून कळलं पाहिजे, त्यांच्या तोंडून. तुझ्या नाही. तुझं तोंड फार चालतं. ते जर पुन्हा बरं आहे म्हणाले, तर मी परत आठवड्याला तीनवर येणार. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

म्हणजे आता आप्पांना खरं बोलायला लावायचं होतं. सात दिवसांत.

आणि आप्पा माझ्याशीच बोलत नव्हते. त्या दिवशी दुपारी इंजेक्शन घेताना हात पुढं केला, मान भिंतीकडं. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीशीच बोलले, "गड्याचं कन्हनं लोकांना दाखवती. बापाचं."

"लोकांना नाही. डॉक्टरांना."

"त्यो बी लोकच."

"मग तुम्ही सांगा त्याला. मी नाही करणार परत."

"काय सांगू? दुखतंय म्हनू? तोंडच उघडत न्हाई माझं. एकतीस वर्सं पाटावर काढली, कधी कुनापुढं..." 

मी चुलीतला एक कोळसा घेतला आणि खाटेसमोरच्या चुन्याच्या भिंतीवर उभी पट्टी काढली. खाली शून्य, वर पाच. फुटाफुटाला मोठी रेघ, इंचाला बारीक. आई ओरडली, "अगं दिवाळीला चुना दिल्याली भिंत ती!" मी पट्टी पुरी केली. खाटेपासून चार पावलं मागं गेले, पोट पुढं काढलं, काखेत नसलेली छत्री धरली, आणि पाटावर येणाऱ्या साहेबाच्या नाकातल्या आवाजात म्हटलं, "पाटकरी! गेज किती?"

"तीन फूट दोन इंच, सायेब," आप्पा म्हणाले.

एकतीस वर्षांची जीभ. त्यांनी विचार केलाच नव्हता. बोलून झाल्यावर ते माझ्याकडं बघायला लागले. मग भिंतीकडं. मग परत माझ्याकडं.

"चेष्टा करतीस व्हय गं?"

"चेष्टा असती तर तुम्ही वरचे दोन इंच कशाला सांगितले असते?"

 मग पट्टीकडं हनुवटी करून म्हणाले, "पाच म्हंजी काय?"

"पाच म्हणजे पाट फुटला."

"मंग मंगळवारी फुटला हुता," आप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. मी शाळेची एक कोरी वही घेतली. घड्याळ खाटेजवळ ठेवलं. दर तासाला मी विचारायची आणि आप्पा सांगायचे. आधी हळू आवाजात, मग दोन दिवसांनी अगदी खात्यात कळवल्यासारखं. कधी सांगायला वेळ लागायचा. डोळे मिटून आत कुठंतरी वाकून बघितल्यासारखं करायचे आणि मग म्हणायचे, "दोन फूट... थांब. दोन फूट चार इंच लिव." मी म्हणायची, "चार इंचानं काय होतंय?" तर माझ्यावरच डाफरायचे. "तुला काय ठावं. शेवटच्या गावाला इचार." आईलाही सवय झाली. ती वाळू तापवायच्या आधी वहीत डोकावायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे यायचे.

वहीत जे दिसलं ते असं. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्यापाऊण तासात पाणी अर्ध्या फुटावर यायचं. तीन तास जेमतेम एक-दीड. चार तासांनी अडीच. पाचव्या तासाला सरळ चारावर. आणि चारावर गेल्यावर इंजेक्शन दिलं, तर ते पाणी उतरायला दुप्पट वेळ लागायचा, शिवाय खालपर्यंत उतरायचंच नाही.

हे मला कळायच्या आधी आप्पांना कळलं. वही डोळ्यांपुढं धरून ते म्हणाले, "उलटं चाललंय हे. पानी काठाला लागल्यावर कोन दरवाजा उघडतं का? वरनं पानी येतंय हे ठावं हाय, तर आदीच सांडव्याची फळी काढून जादा पानी सोडायचं. अडीचलाच काढायची. चारावर जाऊच द्यायचं न्हाई."

"म्हणजे चार तासांनी?"

"दर चार तासाला पाळी. दुखंल तवा न्हाई. घड्याळावर. पाटकरी काय, ऊस वाळल्याला बघून दरवाजा उघडतो काय?"

"मग हे डॉक्टरांना सांगा."

आप्पांनी वही खाली ठेवली. "तू सांग. वही दाव."

"माझं तोंड चालणार नाही. तुमच्या तोंडून पाहिजे."

फटफटी आली त्या सकाळी मी आप्पांची दाढी चाचांकडून करून घेतली होती. चाचा मुद्दाम थांबले होते. आईनं चहा टाकला नव्हता. तो मी टाकू दिला नव्हता. त्यावरून सकाळी आमचं जोरात भांडण झालं होतं.

डॉक्टर बसले. "काय पाटकरी, कसं काय?"

"बरं..." आप्पा म्हणाले.

 चाचांनी दाढीची वाटी खाली ठेवली. आप्पांची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून भिंतीवर गेली, काळ्या पट्टीवर. त्यांनी घसा साफ केला. मग डॉक्टरांकडं न बघता, पट्टीकडंच बघत, वाचल्यासारखं सुरू केलं.

"सकाळी सहा, अडीच फूट. सहाला इंजेक्शन. सात, अर्धा फूट. नऊ, सव्वा. धा, अडीच. अकरा, चार. एक, साडेचार. दोनला इंजेक्शन. तीन, दीड. सहा, तीन फूट आठ इंच..."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बोट केलं आणि पाच म्हणजे काय ते सांगितलं. तोंड तेवढंच चालवलं.

"रोज असंच?" त्यांनी आप्पांना विचारलं.

"रोज. वही लिवायच्या आदी एका मंगळवारी येगळं. मंगळवारी पाच झालं हुतं. तवा मी..." आप्पा थांबले. आई दारात होती. "तवा मी रडलो. ह्या दोघी भायेर गेल्या हुत्या, तवा."

ते आम्हालाही माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "पाटकरी, अहो इतके दिवस तुम्ही मला बरं आहे म्हणत होता."

"तुमी दारात आलेलं मानूस. तुमाला काय वंगाळ सांगायचं."

डॉक्टरांनी वही घेतली, पानं उलटली. मध्ये एकदा 'हे फुटावरचे अडीच इंच कुणी लिहिले' असं विचारलं आणि आप्पा म्हणाले, 'मीच सांगितलं, बरोबर हाय.' चार तासांच्या पाळीचं आप्पांनीच त्यांना समजावलं, सांडव्याच्या फळीसकट. डॉक्टर ऐकत होते. शेवटी त्यांच्या तोंडी तोच शब्द आला. "पण सवय..."

"उसाला पान्याची सवय हाय, डाक्टर," आप्पा म्हणाले. "त्याला कुनी नावं ठेवत न्हाई."

चाचा मोठ्यानं हसले आणि हसल्यावर ओशाळले.

दिवसाला पाच ठरली. सहा, दहा, दोन, सहा, दहा. रात्रीचं दहाचं थोडं जास्त, म्हणजे सकाळपर्यंत पुरेल. डॉक्टर नगरहून स्वतः आणायचे, वहीवर सही करून द्यायचे. जाताना मला म्हणाले, "रिकाम्या कुप्या एकही कमी नको. आणि ती माझी नक्कल पण एकदा दाखव." मी म्हटलं, "जीभ काढा." ते हसत गेले.

मग चहा झाला.

पुढचे चार महिने सोपे होते असं मी म्हणणार नाही. औषधानं आप्पांचं पोट बांधलं गेलं. एरंडेल प्यायला लावणं हे इंजेक्शनपेक्षा अवघड काम होतं, आणि त्यात जी भाषा ते वापरायचे ती पाटावरची होती. पहिले काही दिवस ते बोलता बोलता झोपायचे, वाक्य अर्धं ठेवून. जागे झाले की उरलेलं अर्धं पुरं करायचे, आणि आम्ही मध्ये भलतंच बोलत असायचो. पण ते बसायला लागले. ओट्यावर येऊन बसायचे. भेटायला आलेल्यांना 'बरं हाय' ऐवजी 'आज दोन फूट' असं सांगायचे, आणि माणसं पाटाला पाणी सुटलं समजून शेताकडं पळायची.

आत्या आली. वही, भिंत, उकळतं पातेलं सगळं बघून म्हणाली, "पोरीनं बापाला अफू लावली गं बाई."

आप्पा म्हणाले, "तू म्हातारी आनून लाथा घातल्या, तवा मी काय बोललो का?"

एकदा बैलगाडीत गादी घालून त्यांना पाटावर नेलं. दहाचं इंजेक्शन देऊन निघालो, दोनच्या आत परत यायचं ठरवून. नवा पाटकरी तरुण होता. आप्पांनी त्याला गेज विचारलं. तो म्हणाला, तीन फूट. आप्पा गाडीतूनच पुढं वाकले, पट्टी वाचली, आणि त्याला जे झापलं ते मी इथं लिहीत नाही. दोन फूट दहा इंच होतं. परतताना त्यांचा चेहरा मला फार दिवसांनी दिसला तसा होता, रागानं फुललेला.

रोग पुढंच जात होता. वहीतले आकडे चढले की डॉक्टरांना दाखवायचे. ते मात्रा वाढवायचे. आता ते वाद घालत नव्हते. फक्त विचारायचे, "पाटकरी, किती?" आणि आप्पा सांगायचे.

मग एका सकाळी मी विचारलं आणि आप्पांनी सांगितलं नाही. डोळे उघडे होते, माझ्याकडं वळले होते, पण तोंडातून शब्द येईना. बोटांनी दाखवा म्हटलं. बोटं चादरीवर थोडी हलली आणि थांबली. मी पुन्हा विचारलं, साहेबाच्या आवाजात. ओठाचा एक कोपरा हलला. बस, तेवढंच.

डॉक्टर आले, तपासलं, आईशी हळू बोलले. मग माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "आता त्यांना सांगता येणार नाही. कमी करू या का? कळणार कसं, किती आहे?"

मी खाटेवर वाकले. आप्पा श्वास घेत होते. घेतला, आणि धरला. मी माझाही धरला. ते किती वेळ धरतात हे मी चार महिने बघत होते. एका फुटाला किती, दोनला किती, कपाळावरची ती मधली रेघ कितीला उठते, डावा अंगठा कधी आत वळतो. ते सगळं मी एकदा जमिनीवर आडवी पडून केलं होतं. तेव्हा ते माझ्या अंगात होतं, आणि अजून होतं. आप्पांनी श्वास सोडला. मीही सोडला.

"दोन फूट आठ इंच," मी म्हटलं. "कमी करायचं नाही."

डॉक्टरांनी वहीत लिहिलं. आई वाळू घेऊन आली होती. मी तिला थांब म्हटलं. दहा वाजायला पाऊण तास होता. मी उठले आणि पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं.